सातवी खेप

तांडेलांना घरातसुद्धा सगळे तांडेलच म्हणत. बायको म्हणायची, "तांडेल, जेवायला या," आणि शेजारीण म्हणायची, "तांडेल, आज पाणी चढलंय का हो?" आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. सव्वीस वर्षं फेरीबोटीचं सुकाणू त्यांच्या हातात होतं. नदी त्या जागी चांगली ऐसपैस होती आणि बोट म्हातारी. त्यामुळे या काठावरून त्या काठाला जायला अर्धा तास लागे, आणि माणसं, पेट्या, सायकली उतरवून नव्या चढवायला पाव तास. अशी पाऊण तासाची एक खेप. सकाळी आठला पहिली खेप या काठावरून सुटायची. दुपारी दोनला तांडेलांची पाळी संपायची आणि बदलीचा माणूस सुकाणू घ्यायचा. एवढ्या वर्षांत धुकं आलं, वादळं आली, एकदा तर भर पाण्यात इंजिन बंद पडलं, पण तांडेलांच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही.

त्यांना घाम फोडला तो एका कागदानं. जलवाहतूक कचेरीनं धक्क्यावर नोटीस लावली: नवी लाँच येत आहे. गणिताची चाचणी जे पास होतील त्यांच्याच हाती तिचं सुकाणू दिलं जाईल, बाकीच्यांना तिकीटखिडकीत बसावं लागेल. खाली चाचणीचा विषय होता: अपूर्णांक, विशेषतः त्यांचा भागाकार, व्यवहारातील उदाहरणांसह.

आता तांडेलांची गोष्ट अशी की, शाळेत ज्या आठवड्यात अपूर्णांकांचा भागाकार शिकवला, नेमक्या त्याच आठवड्यात त्यांना गोवर निघाला होता. गोवर बरा झाला, पण तो आठवडा काही परत आला नाही. आणि तिकीटखिडकी कशी, तर जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी, आणि आत बसणाऱ्याची पाठ बरोब्बर नदीकडे. तांडेल रोज तिच्यासमोरून जात. नोटीस लागल्यापासून ते मान वळवून जाऊ लागले.

बायको दवाखान्यात औषधं द्यायचं काम करायची. अर्धी गोळी, पाऊण चमचा, दीड झाकण असल्या हिशोबातच तिचा दिवस जायचा. पण तिनं आधीच हात वर केले.

"मी नाही शिकवणार. पहिल्याच गणिताला आपलं भांडण होईल आणि मग आठवडाभर मी तिघांचा स्वयंपाक एकटी करत बसेन. घरात एवढ्या निवृत्त शिक्षिका बसल्यात, त्यांना विचारा की!"

निवृत्त शिक्षिका म्हणजे तिची आई, तांडेलांच्या सासूबाई. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांचं लाल पेन मात्र झालं नव्हतं. किराण्याची यादी, दारावरची पाटी, वर्तमानपत्रातले आकडे, काहीही त्या पेनाच्या तावडीतून सुटत नसे. तांडेलांनी दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"जावईबापू, प्रश्न विचारायला लाजायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "लाजलात तर मी अर्धा गुण कापते."

"मग विचारतो. भागायचं म्हणजे वाटायचं. वाटलं की कमी होतं. बरोबर?"

"पुढे."

"मग हे पुस्तक म्हणतं, सहाला पाऊणने भागा, उत्तर आठ. सहाचे आठ झाले! भागून वाढलं! ही कुठली वाटणी? घरात सहा पाव आणले आणि वाटल्यावर आठ झाले, तर मी बोट कशाला चालवू?"

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना हसू आवरायचं असलं की त्या चष्मा पुसत.

"तुमची पाळी किती तासांची?"

"सहा."

"एक खेप किती वेळाची?"

"पाऊण तासाची."

"रोज खेपा किती होतात?"

"आठ," तांडेल पटकन म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून तसेच बसून राहिले.

"सहा तासांत पाऊण तास किती वेळा बसतो, एवढंच विचारलंय हो पुस्तकानं. तुकडा लहान, म्हणून तो जास्त वेळा बसतो. सव्वीस वर्षं रोज हेच गणित करताय तुम्ही, आणि माझ्यासमोर घाबरून बसलात!"

तांडेलांना इतका आनंद झाला की त्यांनी उठून आधी बायकोला सांगितलं, मग शेजारणीला, आणि मग दुसऱ्या दिवशी बोटीवरच्या खलाशाला. खलाशी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा, दोरखंड टाकण्यात पटाईत आणि कुठल्याही बातमीनं न हलणारा. तो म्हणाला, "मग आधी काय वाटत होतं तुम्हाला, आठ खेपा आपोआप होतात?"

त्यानंतर महिनाभर घरात कुणाची धडगत राहिली नाही. पाऊणचे अंश-छेद मांडून अपूर्णांक उलटा कसा करायचा आणि गुणायचं कसं, हे एकदा हाताला बसल्यावर तांडेल दिसेल त्याला भागू लागले. किटलीत साडेचार कप चहा आहे, पाऊण कपाचा एक पेला, तर पेले किती? सहा! पडद्याला साडेसात मीटर कापड, दीड मीटरचा एक पडदा, तर पडदे किती? पाच! खोकल्याच्या औषधाची बाटली तर त्यांनी बायकोच्या हातातून काढूनच घेतली. सासूबाई प्रत्येक उत्तर तपासत, आणि उत्तरापुढे पेले, पडदे किंवा चमचे असं काही लिहिलं नसलं की अर्धा गुण कापत. "नुसतं सहा म्हणजे काय? सहा काय? माशा?" असं विचारायची त्यांची पद्धत होती.

चाचणी ठरली बुधवारी, दुपारी दीडला. दीडला पोचायचं तर पाळी लवकर संपवायला हवी. धक्क्यापासून कचेरी पायी पाव तासावर, म्हणजे सव्वाला निघायला हवं. तांडेल साहेबांकडे गेले आणि पाऊण तास आधी सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, "म्हणजे एक खेप कमी. हरकत नाही. बदलीच्या माणसाला सव्वाला बोलावतो. किती खेपा होतील ते तेवढं पुस्तकात लिहून ठेवा."

आठातून एक वजा करून सात लिहिता आलं असतं. पण इतकं शिकून वजाबाकी करायची, म्हणजे शिक्षणाचा अपमान! तांडेलांनी रात्रीचं जेवण होताच वही उघडली आणि ऐटीत मांडलं: आठ ते सव्वा, म्हणजे सव्वापाच तास. एक खेप पाऊण तास. सव्वापाच म्हणजे एकवीस छेद चार, भागिले तीन छेद चार. दुसरा उलटा केला, गुणलं, चाराला चार गेले, एकवीसला तीनानं भागलं. उत्तर सात. पुढे ठळक अक्षरात 'खेपा'.

सासूबाईंनी सात गुणिले पाऊण करून ताळा घेतला. सव्वापाच आले. त्यांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि महिन्याभरात पहिल्यांदाच कुठेही काहीही कापलं नाही.

"उद्या असंच करा," त्या म्हणाल्या. "मी दुपारी इस्त्रीचा शर्ट घेऊन धक्क्यावर उभी राहते. बोटीवरचा तेलकट शर्ट घालून परीक्षेला जायचं नाही."

बुधवारी बोट वेळेवर सुटली. प्रत्येक खेप झाली की तांडेल सुकाणूशेजारच्या फळीवर खडूनं एक रेघ ओढत होते. मनात पाठांतर चालू होतं: छेद, अंश, उलटा, गुणा. तिसऱ्या खेपेला वारा सुटला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. साडेबाराला सहावी रेघ ओढून झाली, बोट या काठावरून माणसं घेऊन निघाली, आणि तांडेलांनी सुस्कारा सोडला.

"शेवटची खेप," ते खलाशाला म्हणाले.

"शेवटची," खलाशी म्हणाला आणि त्यानं निवांत दोरखंड गुंडाळला.

सुकाणूच्या मागच्या बाकावर एक आजी मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक गृहस्थ उभा आरसा कवटाळून बसले होते, आरसा त्यांच्याहून उंच. बोट नदीच्या मध्याला आली तेव्हा आजींनी सहज विचारलं, "म्हणजे आज तुमचं काम एवढ्यावरच संपलं म्हणायचं?"

"हो आजी. ही खेप झाली की मी मोकळा. परीक्षा आहे माझी."

"बरं झालं बाई. म्हणजे तुम्ही पण आमच्याच काठाला राहता?"

"छे हो, मी पलीकडे..." तांडेल म्हणाले, आणि त्यांनी मागं वळून बघितलं. त्यांचा काठ मागं होता. घर मागं, कचेरी मागं, शर्ट घेऊन येणाऱ्या सासूबाई मागं. बोटीचं तोंड मात्र समोर, आणि समोर जो काठ होता तिथलं कुत्रंसुद्धा त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

त्यांनी फळीवरच्या रेघा मोजल्या. एक जायची, एक यायची. एक जायची, एक यायची. एक जायची, एक यायची. आणि ही सातवी, जायची. आठ खेपा झाल्या की माणूस घरी पोचतो, सहा झाल्या की पोचतो, पण सात झाल्या की तो परमुलखात उभा असतो. आजवर रोज आठच होत आल्या, म्हणून सव्वीस वर्षांत हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. साहेबांना पडला नाही, खलाशाला पडला नाही, आणि चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईनं त्यावर बरोबरची खूण केली होती. तांडेलांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं?" खलाशानं विचारलं.

"गणित बरोबर आलं," तांडेल म्हणाले, "आणि मी बुडालो."

बोटीवर बातमी पसरायला वेळ लागत नाही, पळून जायला जागाच नसते ना! मिनिटभरात सगळ्यांना कळलं की तांडेलांची दीडला परीक्षा आहे, पावणेदोनला दार बंद होतं, आणि दार बंद झालं तर उद्यापासून तांडेल तिकीटखिडकीत. आरसेवाले म्हणाले, "मग बोट इथूनच वळवा की!" दोघातिघांनी माना डोलावल्या. तांडेलांच्या हातांनासुद्धा क्षणभर तसं वाटलं. पण बोटीत सव्वीस माणसं होती, प्रत्येकाचं पलीकडे काही ना काही काम होतं, आणि त्यांना पलीकडे नेतो म्हणून चढवलं होतं.

"ते नाही व्हायचं," तांडेल म्हणाले. "मला खडू द्या."

त्यांनी फळीवर मांडायला सुरुवात केली. एकला बोट पलीकडे लागणार. परत यायला अर्धा तास, तो काही कमी होत नाही, म्हातारी बोट पळून पळून किती पळणार. मग कचेरीपर्यंत पायी पाव तास. म्हणजे एकच्या ठोक्याला परत निघालं तरी पावणेदोन. आणि एकच्या ठोक्याला कसं निघणार, माणसं उतरायला आणि चढायलाच पाव तास जातो.

"पायी कशाला जाता?" एकजण म्हणाला. "त्या काठावर धार लावणारा थांबलेला असतो रोज, ह्या बोटीनं जायला. सायकल आहे त्याच्याकडे. सायकलनं पाच मिनिटं."

"तरी पाव तास चढउतारीचा उरतोच. तो पाच मिनिटांवर यायला हवा. पाच मिनिटं म्हणजे तासाचा बारावा भाग." तांडेलांचा खडू चालू लागला. "पाव भागिले एक बारांश. उलटा करा, गुणा. बारा छेद चार. तीन!"

"तीन काय?" अंडीवाल्या आजींनी विचारलं.

तांडेलांचा खडू थांबला. कालपर्यंत त्यांनी या प्रश्नावर काहीतरी ठोकून दिलं असतं.

"तिप्पट घाई," आरसेवाले म्हणाले.

"तिप्पट घाई केलीत तर माझी अंडी कोण गोळा करणार? आणि तुमचा आरसा?"

"बरोबर आहे आजींचं," तांडेल म्हणाले. "माणसं आपल्याच चालीनं उतरणार. उतरायची फळी एकच असते म्हणून एकामागे एक थांबावं लागतं, त्यात पाव तास जातो. तीन घाया नकोत. तीन फळ्या पाहिजेत."

"फळी एकच आहे," खलाशी म्हणाला. "पहिल्यापासून एकच आहे."

"आणि हे बाक कशाचे आहेत?"

बोटीच्या दोन्ही बाजूंचे बाक म्हणजे लांबच लांब जाड फळ्या, नुसत्या आधाराच्या पट्ट्यांवर ठेवलेल्या. बसलेली माणसं उठली. खलाशानं कुरकुरत दोन फळ्या मोकळ्या केल्या, आणि एकदा काम अंगावर घेतल्यावर मात्र असा ओरडायला लागला की जणू कल्पना त्याचीच. एक वाजता बोट पलीकडच्या धक्क्याला टेकली आणि तीन फळ्या एकदम पडल्या. एकीवरून ओझीवाले, एकीवरून रिकाम्या हातांचे, आणि मधलीवरून आजी टोपली सांभाळत राणीसारख्या सावकाश उतरल्या. उतरून त्यांनी धक्क्यावरच्या गर्दीला दटावलं, "काय बघत उभे राहिलात? चढा लवकर, परीक्षा आहे त्यांची!" आरसेवाल्यांनी आरसा भिंतीला टेकवला आणि स्वतः परत येऊन लोकांच्या पेट्या चढवू लागले. एक वाजून पाच मिनिटांनी बोट सुटली. सायकलीसकट धार लावणारा चढला होता आणि गोष्ट ऐकून पोट धरधरून हसत होता.

इकडे सासूबाई इस्त्रीचा शर्ट हातावर घेऊन एकपासूनच धक्क्यावर उभ्या होत्या. बदलीचा माणूसही लवकरच येऊन थांबला होता. नदीवर बोट नव्हती. बोट पलीकडे उभी होती, अगदी वेळेवर, हिशोबाप्रमाणे. सासूबाईंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा बोटीकडे, आणि मग धक्क्यावरच्या खांबाला धरून खाली बसल्या. चौतीस वर्षांत एकाही मुलाच्या उत्तरानं त्यांना असं बसवलं नव्हतं.

एक पस्तीसला बोट लागली. तांडेलांनी सुकाणू बदलीच्या माणसाकडे दिलं आणि उडी मारली. सासूबाईंनी शर्ट पुढे केला. तांडेल बटणं लावू लागले, एक वरचं, एक खालचं, सगळी चुकीच्या काजात.

"चूक माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "ताळा केला, खूण केली, आणि बोट कुठे उभी राहील ते विचारलंच नाही. आयुष्यभर नाही विचारलं मी ते. गणितांत इतकी बागेची कुंपणं झाली, पाण्याच्या टाक्या झाल्या, आगगाड्या झाल्या..."

"अहो, नंतर रडू! दार बंद होतंय!" तांडेल म्हणाले आणि धारवाल्याच्या सायकलवर बसले. त्या सायकलला पुढं धारेचं दगडी चाक होतं, ते पायडलबरोबर गरगर फिरायचं. एरवी धारवाला पट्टा काढून मग चालवायचा, पण हे तांडेलांना कुणी सांगितलं नाही. अख्ख्या रस्त्यानं चाकाचा खरखराट करत ते गेले, आणि धारवाला आला समजून घराघरातून बायका सुऱ्या आणि कात्र्या घेऊन बाहेर आल्या.

एक चाळीसला त्यांनी कचेरीचं दार ढकललं. आत टेबलामागं एक अधिकारी मॅडम बसल्या होत्या, समोर छापील प्रश्न आणि छापील उत्तरं. इतर उमेदवार सकाळीच उरकून गेले होते. प्रश्न पाच, चार बरोबर आले तर पास. मॅडमनी तांडेलांच्या शर्टाच्या बटणांकडे बघितलं आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्यात तांडेलांची धाप अजून चालूच होती, त्यात त्यांनी सव्वाच्या जागी पाऊण ऐकलं आणि गणित गेलं. तिसरा सुटला, चौथा सुटला. तीन बरोबर, एक चूक, आणि एक शिल्लक. एव्हाना सासूबाई चालत चालत पोचल्या होत्या आणि बाहेरच्या उघड्या खिडकीशी टाचा उंचावून उभ्या होत्या.

मॅडमनी पाचवा वाचला. "बोटीच्या टाकीत साडेनऊ लिटर डिझेल आहे. एका खेपेला सव्वा लिटर लागतं. तर एवढ्या डिझेलमध्ये किती खेपा होतील?"

खिडकीबाहेर सासूबाईंचे ओठ हलू लागले. एकोणीस छेद दोन, गुणिले चार छेद पाच. आत तांडेलांची पेन्सिलही तेच लिहीत होती. उत्तर आलं: सात पूर्णांक तीन पंचमांश. पेन्सिल तिथं थांबली आणि बराच वेळ थांबूनच राहिली. बोलून टाका हो, सासूबाईंना ओरडावंसं वाटत होतं, बरोबर आलंय!

"सहा," तांडेल म्हणाले.

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"सहा?" मॅडमनी छापील कागदाकडे बघितलं. "एकदा परत बघा. शेवटचा प्रश्न आहे हा तुमचा."

"माहीत आहे, मॅडम." तांडेलांना ती तिकीटखिडकी दिसत होती, ती खुर्ची, पाठीमागची नदी. छापील उत्तर काय असणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. "भागाकार केला तर सात पूर्णांक तीन पंचमांश येतो. हा बघा, केलाय. पण ती तीन पंचमांश खेप कुठे संपते? भर पाण्यात. बोटीत सव्वीस माणसं असतात. म्हणून ती सोडली."

"मग सात राहतात."

"सातवी खेप पलीकडच्या काठाला संपते. डिझेलचा पंप फक्त या काठाला आहे. पलीकडे टाकीत पाऊण लिटर उरणार आणि परत यायला सव्वा लागणार. तिथं अडकलो की माणसं पण अडकली. मी आत्ता तिथूनच आलोय, मॅडम. सहा खेपा करायच्या, टाकीत दोन लिटर ठेवून या काठाला लागायचं, आणि डिझेल भरून मग पुढे. सुकाणू माझ्या हातात असेल तर उत्तर सहा. सहा खेपा."

मॅडमनी छापील उत्तर परत वाचलं. मग त्यांनी खिडकीतून नदीकडे बघितलं, तेव्हा त्यांना सासूबाईंचा चष्मा आणि नाकाचा शेंडा दिसला.

"हे प्रश्न कुणी काढलेत, माहीत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण ज्यानं काढले तो कधी बोटीत बसला नसावा." त्यांनी पेन उघडलं, छापील सात पूर्णांक तीन पंचमांश खोडलं आणि वर सहा लिहिलं. मग तांडेलांच्या कागदावर चार गुण मांडून खाली सही केली. "नवी लाँच पुढच्या सोमवारी येतेय. आठला हजर राहा. आणि बटणं नीट लावून या."

तांडेल बाहेर आले. सासूबाई खिडकीशी पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या, रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि चष्मा पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मागोमाग आपली सायकल शोधत धारवाला आला, त्याच्यामागं कात्र्या घेतलेल्या चार बायका. त्यातल्या एकीनं विचारलं, "काय झालं हो आजी? हे कोण तुमचे?"

जावई, असं सांगायला सासूबाईंनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. त्यांनी तांडेलांच्या शर्टाची चुकलेली बटणं वरून एकेक काढून नीट लावायला घेतली.

"हा माझा विद्यार्थी," त्या म्हणाल्या. "मला आज एक गणित समजावून सांगितलं त्यानं."